जिवाणूंच्या वाढीचा पहिला आलेख कसा काढायचा

सकाळी नऊला फ्लास्क उजेडात धरला, तर त्यातून पलीकडची अक्षरं स्वच्छ वाचता येतात. दुपारी एकला तोच फ्लास्क उचलला, तर अक्षरं दिसेनाशी झालेली असतात आणि फ्लास्क हलकेच गोल फिरवला की आत रेशमासारखी झळाळी वळताना दिसते. मधल्या चार तासांत काय घडलं ते आकड्यांत पकडणं म्हणजे वाढीचा आलेख काढणं.

सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या प्रत्येकाला मी पहिलं काम हेच देते. पुस्तकात पेशीची रचना, चयापचय आणि वाढ अशी तीन वेगळी प्रकरणं असतात, पण पेशीत तशी वाटणी नसते. आलेख जिथे वळतो तिथे पेशीच्या आत काहीतरी संपलेलं किंवा नव्याने तयार झालेलं असतं, आणि तिची रचनाही त्याबरोबर बदललेली असते. हा एक दिवस मन लावून काढला, तर तिन्ही प्रकरणं एकमेकांत कशी गुंतली आहेत ते डोळ्यांसमोर येतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून घ्या. जिवाणूंच्या बाबतीत वाढ म्हणजे संख्येची वाढ. एक पेशी लांब होते, मधोमध पडदा घालते आणि एकीच्या दोन होतात. आपण मोजतो ते हे दुप्पट होणं.

कोणाला वाढवायचं

ई. कोलायचा के-१२ हा वाण घ्या. तो रोगकारक नाही, वेगाने वाढतो आणि त्याच्याइतका अभ्यास दुसऱ्या कुठल्याही जिवाणूचा झालेला नाही. त्यामुळे तुमचं निरीक्षण बरोबर की चूक हे ताडून बघता येतं. त्वचेवरून, सांडपाण्यातून किंवा मातीतून "काय उगवतं बघू" म्हणून आणलेलं काहीही फ्लास्कमध्ये घालू नका. एका रात्रीत दर मिलिलिटरला शंभर कोटींच्या वर पेशी तयार होतात, आणि त्या कोणाच्या आहेत हे तुम्हाला ठाऊक नसतं. हे काम घरी करण्याचंही नाही. ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र) आणि जाणती देखरेख असेल तिथेच करा.

आधी पेशीची ओळख

ई. कोलायची पेशी साधारण २ मायक्रॉन लांब आणि एक मायक्रॉनहून थोडी कमी रुंद असते. अशा ५०० पेशी टोकाला टोक लावून ठेवल्या तर एक मिलिमीटर होतो. साध्या सूक्ष्मदर्शकाला ०.२ मायक्रॉनपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत, म्हणून पेशीच्या आतलं फारसं काही दिसणार नाही. पण तिची भिंत कशी आहे हे कळू शकतं. त्याची युक्ती हान्स क्रिश्चन ग्रॅम यांनी १८८४ साली प्रसिद्ध केली आणि आजही ती रोज वापरात आहे.

स्लाइडवर पाण्याचा लहान थेंब घ्या. लूपचं (तारेच्या कडीचं) टोक कॉलनीला, म्हणजे प्लेटवर उगवलेल्या पेशींच्या ठिपक्याला, जेमतेम लावा आणि थेंबात फिरवून पसरवा. पांढरा जाड थर दिसला तर पेशी जास्त झाल्या. धुऊन पुन्हा करा. थर नुसत्या हवेवर पूर्ण वाळू द्या, मग स्लाइड ज्योतीवरून तीनदा झरकन फिरवा. हाताच्या पाठीला सहन होईल इतकीच ती गरम व्हायला हवी. आता क्रिस्टल व्हायोलेट एक मिनिट, पाणी, आयोडीन एक मिनिट, पुन्हा पाणी. इथपर्यंत सगळ्या पेशी जांभळ्या असतात.

खरं कसब यापुढच्या दहा-पंधरा सेकंदांत आहे. स्लाइड तिरकी धरून वरच्या कडेवरून अल्कोहोल थेंबाथेंबाने सोडा. खाली उतरणारा ओघळ आधी गडद जांभळा असतो, मग फिका होतो. तो बिनरंगी झाला की त्याच क्षणी पाणी ओता. जास्त वेळ थांबलात तर ज्यांनी जांभळं राहायला हवं त्यांचाही रंग जातो. घाई केलीत तर सगळंच जांभळं दिसतं. शेवटी सॅफ्रॅनिन एक मिनिट, पाणी, आणि टिपकागदावर टिपून घ्या. १०० पटीच्या भिंगाखाली तेलाचा थेंब विसरू नका. या तेलाचा अपवर्तनांक काचेइतकाच, सुमारे १.५१५ असतो, म्हणून स्लाइडमधून निघालेला प्रकाश हवेत न वाकता सरळ भिंगात शिरतो. त्याच स्लाइडवर शेजारी बॅसिलस सबटिलिसचा ठिपकाही घ्या. तो जांभळा आणि ई. कोलाय गुलाबी दिसला, तर तुमचा हात बसला म्हणायचं.

हा फरक पडतो भिंतीमुळे. पेशीत शिरलेला रंग आणि आयोडीन मिळून मोठे गठ्ठे होतात. बॅसिलसची पेप्टिडोग्लायकनची भिंत २० नॅनोमीटर किंवा त्याहून जाड असते. अल्कोहोलने ती आकसते आणि गठ्ठे आत अडकतात. ई. कोलायची भिंत जेमतेम काही नॅनोमीटरची असते. तिच्या बाहेर मेदाचं आणखी एक पटल असतं, ते अल्कोहोलमध्ये विरघळतं आणि रंग निसटून जातो. म्हणूनच शिळ्या कल्चरवर ही परीक्षा फसते: जुन्या पेशींच्या भिंती कमकुवत झालेल्या असतात, आणि बॅसिलससुद्धा गुलाबी दिसू लागतो. २४ तासांच्या आतली कॉलनी घ्या.

वाढीच्या लेखात भिंतीवर मी इतकी रेंगाळले त्याला कारण आहे. पेशीच्या आतला दाब बाहेरच्यापेक्षा बराच जास्त असतो आणि ती फुटत नाही ती भिंतीच्या पेप्टिडोग्लायकनच्या जाळीमुळे. पण वाढायचं तर हीच जाळी जागोजागी कापून मध्ये नवे धागे विणावे लागतात, तेही दाब सांभाळून. पेनिसिलिन हे धागे एकमेकांना जोडण्याचं काम अडवतं. कापणं चालू राहतं, जोडणं थांबतं आणि पेशी फुटते. त्यामुळे पेनिसिलिनचा मारा मुख्यतः वाढत्या पेशींवरच चालतो. निवांत बसलेल्या पेशी त्यातून निभावतात.

माध्यम आणि हवा

एलबी हे माध्यम घ्या. एक लिटरला ट्रिप्टोन १० ग्रॅम, यीस्टचा अर्क ५ ग्रॅम, मीठ १० ग्रॅम. ट्रिप्टोन म्हणजे विकराने तोडलेलं दुधातलं प्रथिन. त्यातून अमिनो आम्लं मिळतात. यीस्टच्या अर्कातून जीवनसत्त्वं आणि इतर बारीकसारीक घटक येतात. या माध्यमात साखर फारच थोडी असते. जिवाणू कार्बन मिळवतो तो प्रामुख्याने अमिनो आम्लं जाळून, आणि त्यातून अमोनिया सुटतो, म्हणून वाढ होता होता हे माध्यम अल्कधर्मी होत जातं. दुसऱ्या दिवशी सामू मोजून बघा, फरक कळेल.

५० मिलिलिटर माध्यम २५० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये घ्या, कापसाचं बूच लावा आणि १२१ अंश सेल्सिअसला १५ मिनिटं ऑटोक्लेव्ह करा. नुसतं उकळून भागत नाही. बॅसिलससारख्या जिवाणूंची बीजाणू उकळत्या पाण्यातही तग धरतात, हे फर्डिनांड कोन यांनी १८७६ मध्येच दाखवलं होतं. त्यांच्यासाठीच दाबाखालची वाफ लागते.

आता मोठा फ्लास्क आणि थोडं माध्यम कशासाठी? ३७ अंशाच्या पाण्यात लिटरमागे जेमतेम ७ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. दाट कल्चर तो पाहता पाहता संपवतं. जिवाणूला तंतुकणिका नसतात. श्वसनाचं काम त्याचं स्वतःचं पेशीपटलच करतं. अन्नातले इलेक्ट्रॉन पटलावरच्या प्रथिनांच्या साखळीतून ऑक्सिजनपर्यंत जातात, जाता जाता प्रोटॉन बाहेर ढकलले जातात, आणि ते आत परतताना एटीपी हा पेशीचा ऊर्जेचा रेणू बनतो. पीटर मिचेल यांनी ही कल्पना १९६१ मध्ये मांडली, बरीच वर्षं ती वादात राहिली आणि १९७८ मध्ये तिला नोबेल मिळालं. ऑक्सिजन संपला आणि साखर असली, तर ई. कोलाय किण्वनावर जातो. त्यात ग्लुकोजच्या एका रेणूमागे ग्लायकोलिसिसमधून निव्वळ दोन एटीपी मिळतात, श्वसनात त्याच्या कित्येक पट. म्हणून फ्लास्क पाचव्या हिश्श्यापर्यंतच भरा आणि शेकर मिनिटाला १८० ते २०० फेऱ्यांवर ठेवा. गळ्यापर्यंत भरलेला, न हलवलेला फ्लास्क वेगळाच आलेख देतो, आणि नवखी मंडळी दोष देतात वाणाला.

आदल्या संध्याकाळी

प्लेटवरची एकच सुटी कॉलनी ५ मिलिलिटर माध्यमात घाला आणि ३७ अंशाला शेकरवर रात्रभर ठेवा. उद्याचा फ्लास्क आणि ब्लँकसाठी (यंत्राचा शून्य ठरवायला लागणाऱ्या, पेशी नसलेल्या नमुन्यासाठी) थोडं जास्तीचं माध्यम आत्ताच ३७ अंशाला ठेवून द्या. थंड माध्यमात घातलेल्या पेशी जाग्या व्हायला उगाच वेळ घेतात.

मोजायचा दिवस

स्पेक्ट्रोफोटोमीटर (नमुन्यातून किती प्रकाश आरपार जातो ते मोजणारं यंत्र) ६०० नॅनोमीटरला लावा आणि ब्लँक त्याच माध्यमाचा घ्या. पाण्याचा नको, एलबी पिवळसर असतं. रात्रीच्या कल्चरमधून ०.५ मिलिलिटर फ्लास्कमध्ये घाला, हलवा आणि लगेच पहिलं रीडिंग घ्या. ते ०.०३ ते ०.०५ च्या आसपास यायला हवं. त्यानंतर दर २० मिनिटांनी.

क्युवेट (नमुना ठेवायची चौकोनी पारदर्शक नळी) खरखरीत बाजूंनीच धरा, बाहेरचा ओलावा पुसा, आणि पेशी तळाशी बसायच्या आत वाचा. वहीत ठरलेली वेळ लिहू नका, नमुना काढला ती खरी वेळ लिहा. १०:२० चं रीडिंग १०:२३ ला घेतलं असेल तर १०:२३ लिहा. वेगाने वाढणाऱ्या कल्चरमध्ये तीन मिनिटांत आकडा दहा टक्के हलतो.

यंत्र दाखवतं त्या आकड्याला ओडी (ऑप्टिकल डेन्सिटी) म्हणतात. हा ओडी नेमकं काय मोजतो तेही समजून घ्या. पेशी प्रकाश शोषतात असं नाही. त्या तो इकडे-तिकडे विखुरतात, म्हणून समोरच्या संवेदकापर्यंत कमी पोचतो. गर्दी वाढली की एका पेशीने विखुरलेला प्रकाश दुसरी पुन्हा सरळ वाटेवर आणते आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसतो. बहुतेक यंत्रांवर ०.४ च्या पुढे हे जाणवू लागतं. तिथून पुढे नमुना माध्यमाने दहापट पातळ करून वाचा आणि दहाने गुणा. असं केलं नाही तर आलेख अवेळी वाकतो आणि तुम्हाला वाटतं की अन्न संपलं.

पहिला अर्धा तास काहीच घडत नाही. नवी मुलं इथे अस्वस्थ होतात, पेशी मेल्या की काय म्हणून रात्रीचं कल्चर पुन्हा घालायला निघतात. तसं करू नका. रात्रभर उपाशी राहिलेल्या पेशीत रायबोझोम कमी उरलेले असतात, आणि काही जोड्या बांधून बंद करून ठेवलेले असतात. अन्न दिसल्यावर ती आधी हीच यंत्रं सोडवते, नवी बांधते, विकरं तयार करते. वेगाने वाढणाऱ्या पेशीत रायबोझोम काही दहा हजारांच्या घरात असतात. ती तयारी पूर्ण होईपर्यंत विभाजन नाही. याला विलंब अवस्था म्हणतात, आणि आतून बघितलं तर ती सगळ्यात धावपळीची अवस्था आहे.

मग आकडे उचल घेतात. समजा ६० मिनिटांना ०.०९, ८० ला ०.१४, १०० ला ०.२३ आणि १२० ला ०.३६ मिळालं. ही घातांकी अवस्था. या टप्प्यावर एक कोडं आहे, ज्याने मला विद्यार्थीदशेत कित्येक दिवस पछाडलं होतं. ई. कोलायचा डीएनए सुमारे ४६ लाख जोड्यांचा, एकाच वर्तुळात. त्याची नक्कल एका ठिकाणी सुरू होऊन दोन्ही दिशांना सेकंदाला साधारण हजार जोड्या या वेगाने जाते. हिशोब केला तर पूर्ण नकलेला ४० मिनिटं लागतात, आणि नक्कल संपल्यावर विभाजनाला आणखी सुमारे २०. एकूण तास. मग ही पेशी २० मिनिटांत दुप्पट होते तरी कशी?

उत्तर असं, की पहिली नक्कल पुरी व्हायच्या आत त्याच डीएनएवर दुसरी सुरू होते, आणि तिच्यावर तिसरी. मुलगी वेगळी व्हायच्या आधीच तिच्या पोटी नातीच्या डीएनएचं काम चालू असतं. कूपर आणि हेल्मस्टेटर यांनी १९६८ मध्ये हे प्रयोगातून मांडलं. मला आजही यापेक्षा सुंदर वेळापत्रक माहीत नाही.

हा वेग टिकला तर? २० मिनिटांना दुप्पट या हिशोबाने ४८ तासांत १४४ वेळा दुप्पट. एका पेशीचं वजन एका ग्रॅमचा साधारण एक लाख कोटीवा भाग, तरी निष्कर्ष सोपा आहे: तयार झालेल्या पेशींचं वजन पृथ्वीच्या हजारो पट भरेल. अर्थातच तसं होत नाही, आणि का होत नाही ते तुमच्या आलेखावर दुपारी दिसतं. सहज वापरता येणारी अमिनो आम्लं संपत जातात, ऑक्सिजन पुरत नाही, सामू सरकतो. रेषा वाकते आणि आडवी होते. ही स्थिर अवस्था. या वेळी एक थेंब काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघाच: सकाळच्या ऐटदार लांब काड्यांच्या जागी आखूड, जवळजवळ गोल पेशी दिसतात. पुढे कित्येक तासांनी, कधी दिवसांनी, ऱ्हास सुरू होतो. तो बघायला पहिल्या प्रयोगात थांबू नका.

जिवंत किती?

ओडीला मेलेली पेशी आणि जिवंत पेशी सारखीच दिसते. जिवंत मोजायच्या तर प्लेटवर कॉलन्या उगवाव्या लागतात. प्रत्येकी ९ मिलिलिटर निर्जंतुक ०.८५ टक्के मिठाच्या पाण्याच्या सहा नळ्या मांडा. कल्चरचा १ मिलिलिटर पहिलीत, ढवळून तिच्यातला १ मिलिलिटर दुसरीत, असं सहावीपर्यंत. सहावी नळी दहा लाख पट पातळ झाली. तिच्यातला ०.१ मिलिलिटर अगार प्लेटवर पसरवा.

दर नळीला नवी टिप घ्या. हे वाक्य मी प्रत्येकाच्या वहीत स्वतः लिहून देते, त्यामागे कारण आहे. शिकत असताना मी सहाही नळ्यांना एकच पिपेट वापरलं होतं. चौथ्या प्लेटवर कॉलन्यांचा खच, पाचवीवर तीनशेच्या वर, सहावीवर शंभरहून जास्त. दर पायरीला दहापट उतरायला हवं तिथे तिपटीनेच उतरत होतं. दोन आठवडे मी माध्यम बदलत बसले. शेवटी एका ज्येष्ठ सहकारी बाई शेजारी उभ्या राहिल्या आणि पिपेटच्या आतल्या बाजूला चिकटलेल्या बारीक थेंबाकडे त्यांनी नुसतं बोट दाखवलं. तो थेंब दाट नळीतल्या पेशी पातळ नळीत पोचवत होता.

३० ते ३०० कॉलन्या असलेलीच प्लेट मोजा. कमी असल्या तर योगायोगाचा वाटा फार मोठा होतो, जास्त असल्या तर कॉलन्या एकमेकींत मिसळतात. सहाव्या नळीच्या प्लेटवर १४२ मिळाल्या, तर ०.१ मिलिलिटर घेतलं म्हणून गुणिले १०, दहा लाख पट पातळ म्हणून गुणिले १० लाख: दर मिलिलिटरला १४२ कोटी. या आकड्याला पेशी म्हणू नका, सीएफयू (कॉलनी फॉर्मिंग युनिट, म्हणजे कॉलनी उगवणारे घटक) म्हणा. दोन चिकटलेल्या पेशींचीही कॉलनी एकच उगवते.

कागदावर

उभ्या अक्षावर लॉग असलेला सेमीलॉग कागद घ्या. त्यावर घातांकी वाढ सरळ रेषेत उतरते. फक्त त्या सरळ तुकड्यातलेच बिंदू निवडा; सगळ्या बिंदूंमधून रेषा ओढण्याचा मोह टाळा. वरच्या उदाहरणात ०.०९ चं ०.३६ व्हायला ६० मिनिटं लागली. चौपट म्हणजे दोनदा दुप्पट, म्हणून एका पिढीला ३० मिनिटं. २० मिनिटांचा प्रसिद्ध आकडा उत्तम माध्यम, भरपूर हवा आणि अखंड ३७ अंश असतानाचा आहे. रीडिंगसाठी फ्लास्क दर वेळी बाहेर काढून रेंगाळलात तर तो मिळणार नाही, पण तुमची रेषा सरळ असेल तर ३० सुद्धा उत्तम आहे.

धुण्याआधी फ्लास्क, नळ्या, प्लेट्स, टिप सगळं पुन्हा १२१ अंशाला, या वेळी अर्धा तास.

दुसरा आलेख

हा जमला की आठवडाभरात दुसरा काढा. एलबीऐवजी एम९ हे क्षारांचं साधं माध्यम घ्या, त्यात ०.०५ टक्के ग्लुकोज आणि ०.१५ टक्के लॅक्टोज घाला. वाण एमजी१६५५ सारखा मूळचा घ्या. जनुकं जोडण्याच्या कामासाठी बनवलेल्या डीएच५ आल्फासारख्या वाणांची लॅक्टोज वापरण्याची यंत्रणा मोडलेली असते. आलेखात दोन चढ दिसतील आणि मध्ये एक सपाट तुकडा. जाक मोनो यांना १९४१ साली असाच दुहेरी चढ दिसला होता, आणि त्याच्या मागावर जाता जाता जनुकं चालू-बंद कशी होतात ते उलगडलं. १९६५ चं नोबेल त्या कामाचं. ग्लुकोज असेपर्यंत पेशी लॅक्टोजकडे वळत नाही. ग्लुकोज संपलं की पटलात लॅक्टोज आत घेणारं प्रथिन बसवावं लागतं, ते तोडणारं विकर बनवावं लागतं, आणि तोवर वाढ थांबते. त्या सपाट तुकड्यात दर दहा मिनिटांनी रीडिंग घ्या. वीस मिनिटांचं अंतर ठेवलंत तर तो हातातून निसटेल.